पाठीवरची खुर्ची

शनिवारी संध्याकाळचे सहा वाजले की काकू पाणी प्यायचं बंद करायची. रात्रीची गोळी असायची ती जिभेपुरत्या घोटावर ढकलायची, बस. कारण साधं होतं. रविवारी चर्चमध्ये तीन तास काढायचे, आणि तिथला संडास मागच्या अंगाला, दोन पायऱ्या चढून, दार एवढंसं. डाव्या अंगावरून वारं गेलेल्या बाईला तिथे न्यायचं म्हणजे दोन बायका हव्यात, आणि त्या दोन बायकांना मग आठवडाभर बोलायला विषय. त्यापेक्षा तहान परवडली. सहा वर्षं हे असंच चाललं होतं आणि तिच्या नवऱ्याला याचा पत्ता नव्हता.

नवऱ्याला बाकी सगळं ठाऊक होतं. तिला कुठल्या कुशीवर झोप लागते, केस कुठून विंचरले की ओढत नाहीत, डाव्या हाताची बोटं सकाळी किती वेळ चोळली की उघडतात. माणूस घरसामान हलवणाऱ्या कंपनीत अडतीस वर्षं राबलेला. कामावरचे लोक त्याला क्रेन म्हणायचे, कारण तरुणपणी त्याने एकट्याने पाठीवर फ्रिज घेऊन पाच मजले उतरवला होता आणि खाली आल्यावर विचारलं होतं, आतलं सामान काढलं होतं का? नव्हतं काढलं. तेव्हापासून तो क्रेन. इमारतीत क्रेनकाका, आणि ही नुसती काकू.

काकूही त्याच कंपनीत. आजारी पडण्याआधी ती घरच्या मशीनवर त्यांच्यासाठी कपाटांवर घालायच्या जाड गोधड्यांसारख्या खोळी शिवायची, आणि ओझं बांधायचे कॅनव्हासचे पट्टे. ज्या पट्ट्यांनी आता तो तिला बांधायचा ते तिच्याच हाताचे होते. दुहेरी शिलाई, मेणाचा दोरा. तुटायचं नाव नाही. कधीकधी तिला वाटायचं, जरा कच्चे शिवायला हवे होते.

तर दर रविवारचं हे असं. चौथा मजला, लिफ्ट नाही, बहात्तर पायऱ्या. एका लाकडी खुर्चीचे पाय कापून त्याने ती पाठीवर घ्यायच्या ओझ्यासारखी केली होती. त्यात काकूला बसवायचं, कमरेला एक पट्टा, छातीखालून एक. मग तो तिच्याकडे पाठ करून उकिडवा बसायचा, खांद्यात पट्टे अडकवायचा आणि भिंतीला हात देऊन उठायचा. पाठीला पाठ. त्यामुळे तो जायचा पुढे बघत आणि काकू जायची मागे बघत. जिन्याने उतरताना तिला वरच्या पायऱ्या दिसायच्या, चढताना खालच्या. जे लोक त्यांना वाट देऊन मग मान हलवायचे, तेही तिलाच दिसायचे. तो पुढे गेलेला असायचा.

आता मधे काय झालं होतं, ते सांगायला हवं. तळमजल्यावर एक टेलरताई राहायची. कपडे लहानमोठे करून द्यायची. तिची नजर अधू झाली होती आणि तळमजल्याला उजेड नाही, दिवसा दिवा लावून सुईत दोरा ओवायचा. तिने आपणहून सांगितलं, काकू, तुमची जागा मला द्या, माझी तुम्ही घ्या. तुमच्याकडे ऊन येतं, माझ्याकडे जिना नाही. मालकाची हरकत नव्हती. फक्त त्याला एका औषधवाल्यानेही विचारलं होतं, गोदामाला जागा हवी म्हणून. मालक म्हणाला, रविवार संध्याकाळपर्यंत काय ते सांगा, नाहीतर मी ताईला दुसरीकडे हलवतो आणि तळमजला त्याला देतो.

क्रेनकाका म्हणाला, नको.

टेलरताईने तीनदा विचारलं. तीनदा नको. "माझे पाय चालतायत तोवर मी नेणार," एवढंच बोलायचा. वय एकसष्ट. मणक्यातली गादी सरकलेली. डॉक्टरने सांगितलं होतं, बाजाराची पिशवीसुद्धा उचलू नका. हा म्हणाला, बरं. आणि पुढच्या रविवारी खुर्ची उचलली.

काकूने बोलून पाहिलं नाही असं नाही. पण तिला बोलताना अर्धं तोंड साथ देत नसे आणि तो ऐकताना दोन्ही कान देत नसे. "अहो, खाली गेलो तर बरं होईल," म्हटलं की तो म्हणायचा, "तुला काय त्रास होतोय? त्रास मला आहे ना?" इथे तिचं बोलणं खुंटायचं. पट्टा काखेत कापायचा, घसा कोरडा पडायचा, आणि हे सगळं सांगायचं तर त्या माणसाला, ज्याचा श्वास दुसऱ्या मजल्यालाच शिट्टी मारायला लागलेला असायचा. कसं सांगणार? ती गप्प बसायची आणि त्याला वाटायचं, चर्चला जायला मिळतंय म्हणून खूश आहे.

आज तो शेवटचा रविवार होता. संध्याकाळपर्यंत मालकाला निरोप जायला हवा होता.

उतरताना त्याने नेहमीपेक्षा दोनदा जास्त टेकवलं. काकूने मोजलं होतं. खाली टेलरताई दारात उभी होती, तोंडात टाचण्या. टाचण्या काढून म्हणाली, "काका, मी दुपारपर्यंत वाट बघते हं." त्याने मान हलवली, हो अशीही नाही आणि नाही अशीही नाही, आणि चालायला लागला. ताई काकूकडे बघत राहिली, काकू ताईकडे. कोपऱ्यावर वळेपर्यंत दोघी बघत होत्या.

चर्च दोन गल्ल्या सोडून. तिथे तिची जागा ठरलेली, मधल्या वाटेच्या कडेला, खांबाशेजारी. खुर्ची टेकवली की तो मागे जाऊन भिंतीला लागून उभा राहायचा. बाकावर बसला तर उठवत नसे, म्हणून. मंडळीला वाटायचं, नम्रपणा आहे.

पाळक तसा भला माणूस. पस्तिशीचा असेल. बोलायला लागला की आधी स्वतःच्याच डोळ्यांत पाणी आणायचा, मग आपल्या. आज त्याने विषय घेतला क्रूसाचा. प्रभूने सांगितलंय, ज्याला माझ्यामागे यायचं त्याने आपला क्रूस उचलावा. आणि मग हात लांब करून म्हणाला, "हे कसं करायचं ते पुस्तकात शोधायची गरज नाही. आपल्या मंडळीत एक भाऊ आहे. सहा वर्षं झाली. ऊन असो, पाऊस असो, त्याने आपला क्रूस एका रविवारीसुद्धा खाली ठेवला नाही."

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. भिंतीजवळ क्रेनकाका खाली बघत उभा. कोणी नाक ओढलं. पुढच्या बाकावरच्या नर्सबाईने रुमाल काढला.

काकू खांबाशेजारी बसली होती. माना वळल्या त्या तिच्यावरून वळल्या. तिच्यावर कोणाची नजर थांबली नाही. का थांबावी? क्रूसाकडे कोण बघतं, वाहणाऱ्याकडेच बघतात. तिच्या मनात आलं, सकाळी साडेपाचला उठून या क्रूसाची वेणी घालावी लागते, क्रूसाला मोजे चढवावे लागतात, डाव्या पायाचा आधी, हे पाळकाला माहीत नसणार. हसू यायला हवं होतं. आलं नाही. ओठ कोरडे होऊन चिकटले होते आणि तिला एकदम फार थकल्यासारखं झालं. झोप येते तसं नाही. वस्तू होऊन राहण्याचा थकवा असतो, तसं.

उपासनेनंतर पाळक एकेकाला भेटत तिच्यापाशी आला, वाकला, तिचा चांगला हात हातात घेतला.

"कशा आहात?"

"पाळकसाहेब, एक विचारू का?"

"विचारा ना."

"क्रूसाला दुखत असेल का हो?"

तो हसायला लागला आणि अर्ध्यातच थांबला. त्याने तिच्याकडे पाहिलं, मागे भिंतीकडे पाहिलं, परत तिच्याकडे. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "मी तसा विचार नव्हता केला," तो हळू म्हणाला. "मी बोलायला नको होतं तसं."

"बोललात ते चांगलंच बोललात. सगळे रडले."

"तुम्ही नाही रडलात."

"मला पाणी कमी पडतं," काकू म्हणाली.

त्याला ते कळलं नाही. कळायचं कारण नव्हतं. तेवढ्यात क्रेनकाका आलाच, पाठ करून बसला, पट्टे अडकवले. पाळकाने खुर्चीला मागून हात लावायला पाहिलं तर तो म्हणाला, "नको, सवय आहे." आणि निघाले.

घराचा जिना लागला तेव्हा टेलरताईच्या दारावर पडदा ओढलेला होता, आत मशीन चालू. तो थांबला नाही.

पहिला मजला. काकू पायऱ्या मोजत होती, अठरा. त्याचा श्वास शिट्टी मारायला लागला. दुसऱ्या मजल्यावर त्याने जिन्याच्या कठड्यावर खुर्ची टेकवली, बराच वेळ. पुढे निघाला. आणि दुसरा नि तिसरा मजला यांच्यामधल्या वळणावर, शेवटची एक पायरी राहिली होती, त्याचा उजवा पाय पायरीवर ठेवला गेला आणि तसाच थरथरत राहिला. वर जाईना. काकूला पाठीतून कळलं. पाठीला पाठ लागलेली असली की काही लपत नाही. खाली आठ पायऱ्या दिसत होत्या, त्यांच्या टोकाला दुसऱ्या मजल्याची फरशी, आणि काकू त्यांच्यावर लोंबकळलेली.

त्याने कठडा धरला. कसाबसा वळणाच्या चौकात चढला, गुडघ्यावर आला, मग बसला. खुर्ची फरशीवर टेकली, ठक्क. पट्ट्यातून खांदे काढायला त्याला वेळ लागला.

"दोन मिनिटं," तो म्हणाला.

"आता नाही उचलायचं."

"दोन मिनिटं म्हटलं ना. पाय झोपलाय नुसता."

"अहो, कपाट चढवताना थांब कोण म्हणतं?"

तो दम खात बसला होता. हे काय मधेच, अशा नजरेने त्याने पाहिलं. पण कामाचं विचारलं तर उत्तर द्यायची सवय. "खालचा."

"का?"

"वजन त्याच्यावर असतं म्हणून. पडलं तर त्याच्यावर पडणार. तो थांब म्हणाला की थांबायचं, वरच्याने वाद घालायचा नाही."

"मग वर चढताना तुम्ही वर असता आणि मी खाली असते," काकू म्हणाली. "खालची मी आहे. थांब म्हणतेय."

अडतीस वर्षं त्याने हा नियम पोरासोरांना शिकवला होता, दोघांना न पाळल्याबद्दल कामावरून काढलंही होतं. त्यात त्याला फट सापडेना.

"मग काय इथेच बसायचं?" शेवटी म्हणाला.

"बसू."

"लोक काय म्हणतील?"

"काय म्हणायचं ते मघाशीच म्हणून झालं की. सहा वर्षं एकदाही खाली ठेवला नाही म्हणे. आता ठेवलात. मी क्रूस आहे का हो तुमचा?"

"पाळक बोलला. मी नाही."

"पण त्याला नको असंही तुम्ही नाही म्हणालात."

तो भिंतीकडे बघायला लागला. रंगाचे पोपडे सुटले होते तिथे, एक सोलायला लागला नखाने. काकूची जीभ टाळ्याला लागत होती. शब्द निघताना अडखळत होते, आणि आता ते अर्ध्या तोंडामुळे होतंय की कोरडेपणामुळे, तिलाच समजेना.

"मला पाणी पाहिजे," ती म्हणाली.

"वर गेलो की देतो."

"आत्ता. काल संध्याकाळपासून प्यायले नाहीये."

"का? बरं नाही का?"

"दर शनिवारी संध्याकाळपासून पीत नाही. चर्चमध्ये संडासला जावं लागू नये म्हणून."

त्याचं नख भिंतीवर थांबलं. "दर शनिवारी?"

"हो."

"सहा वर्षं?"

"हो म्हटलं ना."

"अगं, मग सांगायचं नाही का?"

"काय सांगणार. तुम्ही म्हणायचात त्रास मला आहे. म्हटलं असू दे, सगळा तुम्हालाच असू दे."

तो तिच्याकडे बघत राहिला. हे बघणं काही खास नव्हतं, गोंधळलेल्या माणसाचं असतं तसं. मग उठायला गेला. वर घर होतं, घरात माठ होता. कठडा धरून दोन पायऱ्या चढला आणि उजव्या पायाने साफ नकार दिला. तिसरी जमेना. तो तिथेच कठड्याला लोंबकळत उभा राहिला. चौकापासून वर सत्तावीस पायऱ्या. खाली नऊ, आणि त्या नऊ पायऱ्यांच्या टोकाला बसड्रायव्हरचं दार.

बसड्रायव्हर एकटा राहायचा. चर्चला जायचा नाही, कुठेच जायचा नाही. रविवारी त्याची सुट्टी. जिन्यात भेटला तर तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटून बाजूला व्हायचा. क्रेनकाकाने सहा वर्षांत त्याच्या दाराला हात लावला नव्हता. त्याच्याच काय, कोणाच्याच. घरात साखर संपली तर हे दोघे बिनसाखरेचा चहा प्यायचे.

तो बसून बसून उतरला. एक एक पायरी, लहान मूल उतरतं तसा. काकूच्या बाजूने सरकत गेला. खाली जाऊन त्याने दार वाजवलं. इतकं हळू, की पहिल्यांदा त्यालाच ऐकू आलं नसेल. मग जरा जोरात.

दार पटकन उघडलं. जवळच उभा असल्यासारखं. ड्रायव्हर बनियनवर होता.

"पाणी मिळेल का थोडं?" क्रेनकाका म्हणाला. "तिला पाहिजे. वर बसलीय."

ड्रायव्हरने वर पाहिलं, खाली फरशीवर बसलेल्या या माणसाकडे पाहिलं, आत गेला आणि तांब्या नि पेला घेऊन आला. स्वतःच वर चढला. काकूच्या उजव्या हातात पेला दिला आणि खालून आपला हात लावला. ती प्यायली. दुसरा प्यायली. तिसऱ्याला जरा ठसका लागला, थांबली, मग तोही प्यायली. पाणी असं गटागटा पिणाऱ्या माणसाकडे बघवत नाही. ड्रायव्हर जिन्याकडे बघत उभा राहिला.

"सावकाश, काकू. नळ बंद नाही झालेला."

क्रेनकाका बसत बसत परत वर आला होता. "उपकार झाले," म्हणाला.

"कसले उपकार? आज झोपमोड तरी कारणी लागली. सहा वर्षं दर रविवारी या वेळेला तुमचा श्वास माझ्या दाराशी येतो. मी उठून आतून दाराला कान लावून उभा राहतो. वाटतं, आज पडणार. तुम्ही पुढे गेलात की जाऊन आडवा होतो. आज पुढे गेलाच नाहीत."

"मग दार उघडायचं ना कधीतरी," काकू म्हणाली.

"काकांचं तोंड बघून? कोणी हात लावला तर चावतील असं असतं ते." ड्रायव्हर बनियनला हात पुसत म्हणाला, "चला. मी एका बाजूने धरतो. सांगा कुठून धरायचं."

"नको," क्रेनकाका म्हणाला.

आवाज चढवला नव्हता. पण असा म्हणाला की ड्रायव्हरने पुढे केलेला हात मागे घेतला.

"अहो."

"नको. हे माझं आहे. मी नेईन. थोडा वेळ बसलो की जमेल."

काकूने पेला फरशीवर ठेवला. पाण्याने तिची जीभ सुटली होती. ती बोलली ते रागाने बोलली नाही. रागाला अंगात जोर लागतो.

"मला एक सांगा. प्रभूला त्या टेकडीवर नेलं, तेव्हा शेवटपर्यंत त्यानेच उचलला होता का क्रूस?"

क्रेनकाकाने सुटलेला पट्टा गुंडाळायला घेतला.

"तुम्हाला माहितीये. लहानपणापासून ऐकलंय. वाटेत दमला. पडला असेल. मग शेतावरून कोण एक माणूस येत होता, ना ओळखीचा ना पाळखीचा, त्याच्या खांद्यावर दिला शिपायांनी. प्रभूने म्हटलं का, नको, हे माझं आहे? दिला ना? तुम्ही काय त्याच्याहून मोठे लागून गेलात?"

ड्रायव्हरला या गोष्टी माहीत नव्हत्या. पण दमलेल्या माणसाचं ओझं दुसऱ्याने घ्यावं यात त्याला वावगं काही दिसलं नसावं. तो पायरीवर बसला.

वर कुठेतरी कोणीतरी भांडी घासत होतं. मग क्रेनकाका बोलला, पण कोणाकडे न बघता, त्या पोपडे निघालेल्या भिंतीला सांगितल्यासारखं.

"त्या दिवशी तू म्हणाली होतीस, हात जड झालाय. सुई पडतेय हातातून. आज घरी थांबा म्हणालीस."

"म्हणाले होते."

"माझं मोठं काम होतं. तीन मजल्यांचं घर, पियानो होता. माझ्याशिवाय कोणाला जमलं नसतं. मी म्हटलं, संध्याकाळी बघू." तो थांबला. "संध्याकाळी आलो तर तू मशीनखाली पडलेली. तोंडाला मुंग्या लागलेल्या. डॉक्टर म्हणाला, सकाळी आणली असती तर चालती झाली असती. दवाखान्याच्या व्हरांड्यात मी देवाला सांगितलं. तिचे पाय माझ्यामुळे गेले, आता माझे पाय तिचे. माझे जाईपर्यंत. म्हणून मी ते दुसऱ्याला देऊ शकत नाही. कळलं?"

काकूला यातलं अर्धं ठाऊक होतं. बाकीचं अर्धं तिने सहा वर्षं त्याच्या पाठीला पाठ लावून ओळखलेलं होतं. पण त्याने तोंडाने पहिल्यांदाच काढलं, आणि तिच्या लक्षात आलं, हा माणूस म्हातारा झालाय. चर्चच्या भिंतीला टेकतो तेव्हा तसा दिसत नाही.

"मी ते त्याच आठवड्यात सोडून दिलं होतं," ती म्हणाली. "तुम्हाला सांगितलंही होतं. झालं ते झालं म्हणाले होते."

"तू म्हणणारच तसं."

"म्हणजे माझी माफीही तुम्हाला चालत नाही. हलकी वाटते." ती दमली, थांबली, ओठ पुसले. "अहो, आपण दर रविवारी जाऊन काय ऐकतो मग? आपल्या चुका एकाने आपल्या अंगावर घेतल्या, त्यासाठी जीव दिला, झालं, पुरं झालं. त्याचा जीव पुरला नाही का तुम्हाला? वरून तुमची पाठ घालायचीय? आणि तुमच्या पाठीबरोबर माझीही जातेय की. तुम्ही देवाला भरताय ते माझ्यातलं भरताय. मला विचारलं होतंत का?"

त्याचा पाय अजून कापत होता, तो त्याने दोन्ही हातांनी दाबून धरला, तरी कापतच होता. ड्रायव्हर रिकाम्या तांब्याच्या काठावरून बोट फिरवत बसला होता. असल्या वेळी माणसाने उठून जावं की बसावं, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. तो बसून राहिला. बरं झालं.

शेवटी तोच घसा खाकरून म्हणाला, "काका, माझं ऐका. मला तुमच्या देवाधर्मातलं कळत नाही. मला फक्त एवढं सांगा, वर न्यायचं की खाली?"

किती साधा प्रश्न. वर सत्तावीस पायऱ्या, खाली पंचेचाळीस. घर वर. औषधं, गादी, सगळं वर. कोणीही म्हणेल वर.

क्रेनकाकाने काकूकडे पाहिलं. तिचं बोलायचं तेवढं बोलून झालं होतं, आणि आता खरंच तिच्यात जोर नव्हता.

"खाली," तो म्हणाला.

मग तो बसल्या जागेवरून ड्रायव्हरला सांगायला लागला. असं नाही, पट्टा मनगटाला एक वेढा घे. पाठ वाकवू नको, गुडघे वाकव. ड्रायव्हर म्हणाला, अहो मी बस चालवतो, कपाट नाही. तिसऱ्या मजल्यावरून मुलाला पोहायला घेऊन निघालेला एक बाप उतरत होता, त्याने दुसरी बाजू धरली. खुर्ची दोघांच्या मधे तरंगत निघाली, काकूचं तोंड उतरायच्या दिशेला. क्रेनकाका मागून बसत बसत, कठडा धरत. दर वळणावर "सावकाश" म्हणत होता. कोणी ऐकत नव्हतं, पण त्याला म्हणू दिलं.

टेलरताईने पडदा सारला तेव्हा तिच्या जमिनीवर पाय ठेवायला जागा नव्हती. कापडं, कातरणं, इस्त्रीचं टेबल. "आत्ता?" ती म्हणाली. "मला वाटलं कोणी येतच नाही आज. माझं सगळं पसरलंय हो."

"पसरू दे," काकू म्हणाली. "आधी मला संडास दाखव."

तिथे पायरी नव्हती. ताई एकटी पुरली. सगळं आटपून काकू बाहेर आली तेव्हा ड्रायव्हर आणि तो बाप निघून गेले होते, आणि क्रेनकाका कापडाच्या एका गठ्ठ्याला टेकून जमिनीवर बसला होता, पाय लांब करून. ताईने काकूला खिडकीशी बसवलं. खिडकीतून समोरची भिंत दिसत होती आणि रस्त्यावरून जाणारे पाय. उजेड खरंच नव्हता. वरचं ऊन तिला रोज आठवणार होतं. तिने ते मनात कबूल करून टाकलं.

"मग रविवारी मी काय करायचं?" क्रेनकाकाने विचारलं. डोळे मिटलेले होते.

"चर्चच्या कोठीत चाकाची खुर्ची पडलीय. ती ढकला. सपाट रस्ता आहे."

"ते काय, ते कोणीही करेल."

"हो," काकू म्हणाली. "कोणीही करेल."

ताई तोंडात टाचण्या धरून एकीकडून दुसरीकडे कापडं हलवत होती. थोड्या वेळाने तिला वाटलं, काकांना झोप लागली. तिने टाचण्या काढल्या आणि हळूच काकूला विचारलं, "मालकाला काय सांगू? तुम्हीच सांगा, म्हणजे निरोप देऊन येते."

"मी नाही. यांना उठू दे. हे सांगतील."

"मी जागा आहे," क्रेनकाका म्हणाला. डोळे त्याने उघडले नाहीत. "सांग त्याला, घेतो म्हणून."